बरणीतलं प्रवाळ, समुद्रातलं प्रवाळ

वर्धेहून समुद्र कुठल्याही बाजूला जवळपास सारखाच लांब आहे. पश्चिमेला जा नाहीतर पूर्वेला, एक अख्खी रात्र आणि वर काही तास धरावेच लागतात. भूमी अभिलेख खात्यात मी तीस वर्षं मोजणीदार होतो, म्हणून असली गणितं मला बसल्या बसल्या सुचतात. पिपरी मेघेच्या घराला कुलूप लावून आम्ही अंदमानला निघालो तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि माझी बायको सुजाता सत्तावन्नची. आजवर दोघांनी मिळून समुद्र पाहिला होता तो एकदाच, सहा डिसेंबरला दादरला गेलो तेव्हा, तोही लोकांच्या डोक्यांवरून.

सुजाता कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होती. तिच्या प्रयोगशाळेत एक काचेचं कपाट होतं आणि त्यात औषधी पाण्याच्या बरण्या: तारामासा, समुद्रकाकडी, समुद्रफूल, चार तऱ्हेची प्रवाळं. सगळं पांढरं, उकडलेल्या बटाट्यासारखं. संध्याकाळी मी तिला घ्यायला स्कूटर घेऊन जायचो आणि दाराबाहेर थांबायचो. दरवर्षी तेच वाक्य कानावर यायचं, ‘मुलांनो, हे पांढरं आहे ते बरणीतल्या औषधामुळे. समुद्रात हे जांभळं असतं, शेंदरी असतं, पोपटी असतं. माझ्यावर विश्वास ठेवा.’ ज्या बाईनं स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं, ती असं खात्रीनं सांगायची आणि पोरं लिहून घ्यायची.

चार वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत दिवा मारून पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याचा पडदा वाळत चालला आहे. तिच्या बाबतीत आधी कडेचं दिसणं जाईल, मग रंग जातील, मग उरलेलं. औषध नाही. परतीच्या बसमध्ये सेलूपर्यंत ती डॉक्टरांच्या कागदाची घडी घालत, उलगडत बसली. मग म्हणाली, ‘मले ते कपाट एकदा जित्तं पाहाचं हाय.’

रंग जायला लागले ते भाजीपासून. पिकलेलं टमाटं आणि कच्चं टमाटं तिला सारखंच दिसू लागलं. तेव्हापासून घरात रंग सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती विचारणार, मी सांगणार. एका बुद्धपौर्णिमेला ती पांढरी समजून फिकट पिवळी साडी नेसून विहारात आली. वंदना संपल्यावर तिनं मला विचारलं, ‘पांढरीच हाय नं?’ चार बाया ऐकत होत्या. मी म्हणालो, ‘पिवळी आहे.’ बायांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तिला सगळ्यांदेखत रागावलो. सुजाता मात्र म्हणाली, ‘म्हणूनच म्या यायले विचारतो. हे जे असते तेच सांगते.’ हे सांगून ठेवतो, कारण पुढे याचंच काम पडणार आहे.

गाडी सेवाग्राम स्टेशनवरून होती. तिच्या पर्समध्ये एक वही होती, तिच्यात जाड पेनानं बोटभर अक्षरांत तिनं प्राण्यांची नावं लिहून घेतली होती. बरण्यांच्याच क्रमानं. हिंगणघाटला एक किराणा दुकानदार चढले, समोरच्या बाकावर बसले आणि आमच्या शिदोरीतली सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) खाता खाता सगळी चौकशी केली.

‘पाण्याच्या आत जाऊन पाहाचं? कायले जी? टीवीवर दिसते नं सारं,’ ते म्हणाले.

‘टीवीवर नवरदेव दिसला म्हणून लगन लागते का भाऊ?’ सुजातानं विचारलं.

दुकानदार इतके हसले की वडी घशात अडकली. त्या प्रवासातलं आमचं मोकळं हसणं तेवढंच, म्हणून मला ते नीट आठवतं.

चेन्नईहून विमान आणि पोर्ट ब्लेअरहून बोट. पोर्ट ब्लेअरचं नाव आता बदललं आहे, हॅवलॉक बेटाचंही बदललं आहे, पण बोटीवरचे लोक जुनीच नावं घेतात. बोटीत मी दोनदा उलटी केली. जिला जपायला म्हणून मी सोबत गेलो, तीच माझी पाठ चोळत होती. धक्क्यावर उतरल्यावर मी तोंड धुतलं आणि मग पहिल्यांदा पाण्याकडे पाहिलं. असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

‘सांगा,’ ती म्हणाली.

‘काठाशी हिरवं. कोवळ्या गव्हासारखं. मग पुढे निळं, आणि अगदी लांब शाईसारखं.’

‘मले राखाडी दिसते. पण चमकून राह्यलं,’ ती म्हणाली, आणि समाधानानं तिनं पिशवी उचलली.

आम्ही उतरलो ते घर एका बंगाली बाईंचं होतं. त्यांचे आईवडील फाळणीनंतर इथे येऊन वसले. सुपारीच्या झाडांमध्ये दोन खोल्या, मागे विहीर, पुढे तुळस. रात्री त्यांनी मोहरी घातलेलं माशाचं कालवण आणि भात वाढला. सुजातानं ताटातल्या माशाचं नाव विचारलं, वहीत पाहिलं, आणि यादीतला नाही म्हटल्यावर मगच घास घेतला. यादीतलं काहीही खायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. त्या बाई वाढता वाढता म्हणाल्या, ‘इस बार गर्मी में समुंदर का पानी ऐसा था, जैसे चूल्हे से उतारा हो. मछली भी दूर चला गया.’ मला वाटलं, आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी आटल्याचं बोलतात तसं हे इथलं नेहमीचं बोलणं असेल. मी आणखी भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी होती. आमचा शिक्षक सुशांत, पस्तिशीचा, त्याच बेटावर वाढलेला, उन्हानं रापलेला आणि फार कमी बोलणारा माणूस. त्यानं नागपूरच्या डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं, सुजाताला तीन बोटं दाखवून किती ते विचारलं, आणि म्हणाला, ‘मैडम को मैं ले जाऊँगा. हाथ नहीं छोडूँगा.’ मग कमरेएवढ्या पाण्यात उभं करून त्यानं पाठीवर हवेची टाकी चढवली, तोंडात नळी दिली आणि पहिला नियम सांगितला. काहीही झालं तरी श्वास धरून ठेवायचा नाही. आत, बाहेर, आत, बाहेर, चालूच ठेवायचा.

आता माझी गोष्ट ऐका. माझं मूळ गाव गिरडच्या टेकडीखाली. तिथे आम्ही सगळे पोहायला शिकलो ते विहिरीत, कमरेला वाळलेले भोपळे बांधून. वरून कोणीतरी पांढरा गोटा टाकायचा आणि तळातून तो आणायचा. जो जास्त वेळ दम धरेल तो मोठा. पाण्यात डोकं गेलं की तोंड बंद आणि श्वास बंद, हे माझ्या हाडांत बसलेलं आहे. त्यामुळे मी बुडी मारली, छातीत भरून घेतली ती हवा तशीच दाबून ठेवली, आणि खाली जाण्याऐवजी फुगलेल्या पुरीसारखा वर आलो. सुशांतनं पाय धरून मला ओढलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो चिडला.

‘दादा, कुआँ भूल जाइए. नीचे दम रोककर ऊपर आएँगे तो फेफड़ा फट जाएगा.’

सुजाताला पोहणं येतच नव्हतं, त्यामुळे तिला विसरायचंही काही नव्हतं. ती नळीतून संथपणे श्वास घेत गुडघ्यांवर बसून राहिली होती, विपश्यनेला बसल्यासारखी. मला हेवा वाटला.

कपडे बदलायला ती आत गेली तेव्हा सुशांत टाक्या धुता धुता माझ्याजवळ आला. ‘दादा, मैडम बहुत उम्मीद से आई हैं. उनको बोल दीजिए, नीचे पहले जैसा नहीं है.’

‘म्हणजे कसं?’ मी हिंदीत विचारलं.

‘सफेद हो गया है. ज़्यादा गर्म पानी में कोरल अपना रंग छोड़ देता है. फिर मर जाता है.’

‘सगळं?’

त्यानं नळ बंद केला. ‘कल देख लीजिए,’ एवढंच म्हणाला.

मी सुजाताला काही सांगितलं नाही. माणसं आपल्या गावाविषयी वाढवून वाईट बोलतात, हा मोजणीच्या नोकरीतला माझा अनुभव. ज्याला त्याला आपलं शेत नापीकच वाटतं. मी स्वतःला हेच सांगत होतो आणि रात्री मला झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. समुद्र शांत होता. सुशांतनं सुजाताला हात धरून पाण्यात उतरवलं, आणि त्याच्या एका सोबत्यानं मला. कानात दुखायला लागलं की नाक चिमटीत धरून फुंकायचं, ते केलं. श्वास आत, बाहेर. बुडबुड्यांचा आवाज तेवढा. खाली उतार दिसू लागला, आपल्याकडे टेकडीचा असतो तसा, आणि त्या उतारावर प्रवाळ होतं. ताटाएवढं, टोपलीएवढं, सांबराच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं, मानवी मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. सुजाताच्या वहीतलं सगळं होतं. आणि सगळं पांढरं होतं.

नुसतं फिकट नाही. चुना दिल्यासारखं पांढरं. दोन शेतं मावतील एवढा उतार, आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत एकच पांढरा. काही ठिकाणी त्याच्यावर मळकट शेवाळ चढायला लागलं होतं, ते तर केव्हाच मेलेलं. समुद्रफूल होतं, तेही पांढरं, आणि त्याच्यात शेंदरी पट्ट्यांचा एक लहानसा मासा घर सोडवत नाही म्हणून फिरत होता. मी मान फिरवून फिरवून रंग शोधत होतो. एका कपारीखाली मला सापडला. जांभळा, मुठीएवढा, जिवंत. बस. अख्ख्या उतारावर तेवढाच.

पुढे सुशांतच्या हाताला धरून सुजाता तरंगत होती. ती एकेका प्रवाळापाशी थांबायची, काच लावलेलं तोंड अगदी जवळ न्यायची, डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करायची. तिला आता मधलाच तुकडा दिसतो, म्हणून असं करावं लागतं. मग पुढच्याकडे जायची. बरण्यांच्या कपाटापुढून चालते तशी. मला फार वाईट वाटलं. असं वाईट मला माझी आई गेली तेव्हा वाटलं होतं, आणि तेव्हा निदान आजूबाजूला आवाज करायला माणसं होती. मी दम धरला आणि वर जायला लागलो. सोबत्यानं मला खाली ओढलं.

बोटीत आल्यावर आम्हाला टॉवेल आणि गोड चहा दिला. सुशांत मागच्या टोकाला टाक्या बांधत होता. सुजाताच्या कपाळावर मास्कचा वळ उमटला होता. तिनं दोन्ही हातांनी चहाचा कप धरला. मग तिनं माझ्या बाजूला तोंड केलं आणि आपल्या बोलीत, हळू आवाजात विचारलं, ‘आयका नं. मले सारं बरणीतल्यावानी दिसलं. पांढरंफेक. लाल रंग पाण्यात आधी जाते, ते मले माहीत हाय. पण पिवळा नाई, जांभळा नाई, काहीच नाई दिसलं. हे माहे डोळे, का ते खरंच तसं होतं?’

मी टॉवेलनं पुन्हा तोंड पुसलं.

‘काऊन जी? बोला नं. जे असन ते सांगा. अठ्ठावीस वर्षं पोरायले सांगत आली म्या.’

वाचकहो, आता तुम्हीच सांगा. खरं सांगावं तर तिनं उरलेली नजर जिच्यासाठी राखून ठेवली होती ती गोष्टच राहिली नव्हती. खोटं सांगावं तर तिच्या डोळ्यांतले सगळे रंग गेले असा निकाल माझ्या तोंडून द्यायचा. आणि ते पूर्ण खरंही नव्हतं, कारण त्याच दिवशी सकाळी तिनं बोटीवरचा पिवळा दोर ओळखला होता. मी तीस वर्षं जे जमिनीवर आहे तेच नकाशात लिहिण्याचा पगार घेतला. भावाभावांच्या भांडणात एक बोटही इकडचं तिकडे केलं नाही.

‘तुझे डोळे,’ मी म्हणालो. ‘तिथं रंग होते.’

तिनं चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता रडेल. तर तिनं मोठा श्वास सोडला आणि तिचे खांदे सैल पडले.

‘मंग बरं झालं,’ ती म्हणाली. ‘माहे डोळे तं जाऊनच राह्यले. पोरायले खोटं नाई सांगतलं म्या.’

मग तिनं वही काढली आणि एकेक नाव घेऊन रंग विचारले. मेंदूसारखं कसं होतं? मी म्हणालो, पोपटी, वळ्यांच्या आत गडद. शिंगांचं? टोकाला निळं, खाली पिवळं. समुद्रफूल? गुलाबी. मी कुठून सांगत होतो? तिच्याच वर्गातून. दाराबाहेर स्कूटर लावून ऐकलेलं सगळं मी तिलाच परत देत होतो. फक्त जांभळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मुठीएवढं क्षेत्र मी एकरभर लिहिलं.

धक्क्यावर उतरताना तिनं सुशांतला हिंदीत विचारलं, ‘भैया, यहाँ सबसे अच्छा कलर किसका है?’ त्यानं ऐकलं होतं. पण तो वाकून दोर बांधत राहिला, आणि इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल असं समजून ती पुढे गेली. मी मागे थांबलो आणि मी तिला काय सांगितलं ते त्याला सांगितलं.

‘दादा, झूठ मुझसे नहीं होगा,’ तो म्हणाला. ‘चुप रह लूँगा.’ मग म्हणाला, ‘मेरी बेटी चार साल की है. उसको मैं क्या दिखाऊँगा, मैं भी सोचता हूँ.’

आमच्या दोन डुबक्या ठरल्या होत्या. दुसरीला मी नको म्हणालो. सुजाता म्हणाली, ‘तुमी तरी जा, माह्यावाटचं पाहून या.’ मी कान दुखतो म्हणून सांगितलं. उरलेला दिवस आम्ही सुपारीच्या सावलीत बसून काढला आणि ती मला एकेक प्राणी पुन्हा सांगायला लावत होती. सुशांतनं त्या डुबकीचे पैसे परत आणून दिले. मी घेतले नाहीत, त्यानं ते टेबलावर ठेवले आणि निघून गेला.

परतीच्या वाटेवर ती आनंदात होती. हे लिहायला मला जड जातं, पण ती खरंच आनंदात होती. मला मात्र बोटीत उलटी झाली नाही, भूक लागली नाही, आणि चेन्नईहून रात्रभर खिडकीला टेकून मी जागा राहिलो. हिंगणघाट मागे पडलं, नांगरून ठेवलेली शेतं आली, सेवाग्रामला उतरलो. आमच्याकडचा उन्हाळा संपता संपत नव्हता. रिक्षावाला म्हणाला, ‘औंदा लयच तपलं जी.’ मी पिशव्या रिक्षात ठेवल्या.

पुढच्या महिन्यात सुजातानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाचा कार्यक्रम तिनं हट्टानं प्रयोगशाळेत घ्यायला लावला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिनं हातानं चाचपून कपाट उघडलं, बरणी काढली आणि म्हणाली, ‘मुलांनो, मी समुद्रात जाऊन आले. मला रंग दिसले नाहीत, माझे डोळे उशिरा पोचले. पण आमचे सर सोबत होते. ते मोजणी खात्यात होते, ते चुकीचं सांगत नाहीत. त्यांना विचारा.’ चाळीस पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पोपटी, निळं, गुलाबी. एका मुलीनं लिहून घेतलं आणि विचारलं, ‘सर, आम्ही मोठे झाल्यावर गेलो तं दिसन का?’ मी हो म्हणालो. तिनं तेही लिहून घेतलं.

हे प्रवासवर्णन लिहायला सुजातानंच मला बसवलं आहे. ‘तुमी पाह्यलं तं तुमीच लिहा,’ ती म्हणाली. रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो, तसं हेही वाचून दाखवायचं आहे. तिला आता अक्षरं लागत नाहीत, म्हणूनच हे असं लिहिता आलं. वाचताना मी वेगळं वाचीन. त्यासाठी दुसरी एक वही केली आहे.

आताही ती स्वयंपाकघरात पालक निवडते आहे, पिवळी पानं हातानं ओळखून बाजूला काढते आहे. मधूनच तिनं तिथून विचारलं, ‘झालं का लिहून? कुठवर आलं?’

‘रंगांपाशी आलोय,’ मी म्हणालो.

‘मंग घाई नोका करू,’ ती म्हणाली. ‘जसं पाह्यलं तसंच लिहा.’